दोन पदर

डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर टेकवायचं,
उजव्या बोटानं त्यावर वाजवायचं,
वरून खाली येत राहायचं.
हवा असेल तिथे पोकळ वाजतं,
पाणी असेल तिथे दगड.
पंचफुलाबाई लांजेवार यांच्या पाठीत
उजव्या फऱ्याच्या टोकाशी दगड सुरू झाला.

मे महिना. मेडिकलचा छातीचा वॉर्ड.
कूलरच्या ओल्या गवताला गेल्या वर्षीचा वास.
"पोट्टं म्हणते दमा होय, जाऊ म्हणते वय होय.
मले त वाटते जी, नुसता थकवा होय."
पाणी ज्या बाजूला, त्याच कुशीवर झोपायच्या.
धड फुप्फुस वर ठेवावं,
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

फुप्फुसाला दोन पदर:
एक त्याच्या अंगालगत, एक बरगड्यांना आतून.
मध्ये चमचाभर ओल.
त्या ओलीवर आपण दिवसभर, रात्रभर सरकतो
आणि आवाज होत नाही.
(सर म्हणायचे, या गावात शिकवणारा प्रत्येक जण
इथे संत्र्याची फोड सोलून दाखवतो.
तुम्ही तेवढं करू नका.)

पारशिवनीत सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या होत्या.
आपल्याकडे छातीत पाणी म्हणजे टीबी,
आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरतं.
यांचं पाणी गोळ्यांना बधलं नाही.
दोनदा काढलं, दोनदा भरलं.

सुई बरगडीच्या वरच्या काठानं घालायची,
खालच्या काठाला शिरा असतात.
बाटलीत आलं ते पिवळं नव्हतं,
होळीच्या आदल्या रात्री
पळसफुलं भिजत घालावीत, त्या रंगाचं होतं.
दीड लिटरला खोकला सुरू झाला, थांबवलं.
"बाप्पा," त्या म्हणाल्या, "किती दिसानं पोटभर हवा खाल्ली."

मग दुर्बीण. बरगड्यांमधून आत,
जिथे अंगानं कधी उजेड पाहिलेला नसतो.
पडद्यावर पदर जाड, गाठाळलेला,
इथे-तिथे फिकट दाणे.
चार तुकडे घेतले. रिपोर्टला अकरा दिवस.

रिपोर्ट वाचून मी केसपेपर उलटा चाळला.
पहिल्या पानावर माझंच अक्षर:
व्यवसाय गृहिणी. धुळीशी संबंध नाही.

स्टूल ओढून पुन्हा विचारलं. मालक काय करायचे?
"कामठी रोडले गिरनी होती, पाडली आता.
थेच्या बॉयलरच्या पायपाले
पांढरं सुताडं गुंडायत."
आणि कपडे?
"मीच धुवो. पयले दारात झटको.
सावरीच्या कापसावानी उडे.
पोट्टं धरायले धावे."

किती वर्षं झाली? बोटं मोजली त्यांनी,
मग मोजणं सोडून दिलं.
दौलतराव हार्टनं गेले. त्यांची छाती स्वच्छ होती.
पोरगा दाराशी उभा, हातात नारळपाणी,
त्याला मी त्या दिवशी काही विचारलं नाही.

औषधं होती, पण ती वेळ वाढवणारी.
पाण्यावर मात्र एक उपाय होता:
शंखजिऱ्याची पूड आत फवारायची,
दोन्ही पदर सुजतात, एकमेकांना चिकटतात,
पाण्याला जागाच राहत नाही.
बरं करणं नव्हे ते. जागा बुजवणं.
"शंखजिरं? रांगोयीत टाकते थेच?"
तेच, पण शुद्ध केलेलं.
"मंग आतमंदी गोपद्म काढजा, डॉक्टर."
आणि हसल्या, आणि हसताना दुखलं.

दोन रात्री ताप. तिसऱ्या दिवशी नळी काढली.
दिवाळीपर्यंत पाणी आलं नाही,
दिवाळीनंतरचं मी इथे लिहीत नाही.

आता वॉर्डात कुणी नुसतं "घरीच असते" म्हटलं
की मी विचारते, घरात कपडे कोण धुतं?
इंटर्न माझ्याकडे बघतात.
एकीनं परवा हा प्रश्न वहीत लिहून घेतला,
आणि पुढे कंसात: कशासाठी?